शक्ती, स्मृती आणि उसनवारी

काही शब्द आपण इतके वापरतो की त्यांच्या पोटात काय दडलंय ते बघायचं राहूनच जातं. 'प्रतिकारशक्ती' हा असाच एक शब्द. माझं या शब्दाशी तसं वैर नाही. भांडण आहे ते त्यातल्या 'शक्ती'शी.

शक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? तालीम, जोर-बैठका, दुधाचा पेला आणि च्यवनप्राशची बरणी. शक्ती एक तर कमी असते किंवा जास्त असते. कमी असेल तर वाढवायची, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतात तशी. मग एकदा ट्यूब टणक झाली की रस्त्यात खिळा असो वा काच, आपण बिनधास्त. २०२० साली तर या हवा भरण्याला ऊत आला होता. घरोघरी काढे उकळत होते, बाजारात मिठायांपासून गाद्यांपर्यंत सगळ्यावर 'इम्युनिटी बूस्टर' छापलेलं होतं, आणि आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी हळद, मिरी, आलं आणि गुळवेल यांच्या नवनव्या युत्या जाहीर होत होत्या. (आत्या, रागावू नकोस. तुझा काढा चवीला उत्तम होता, हे मी तेव्हाही म्हणालो होतो.)

माझं म्हणणं एवढंच आहे की हे चित्र मुळात चुकीचं आहे. आणि चुकीचं चित्र डोक्यात असलं की माणूस नको तिथे धावतो आणि हवं तिथे बसून राहतो. कधी कधी ते जिवावर बेततं. म्हणून हा लेखनप्रपंच.

आता जरा शरीरात काय चालतं ते बघू. मी डॉक्टर नाही, पण जे वाचलं, समजून घेतलं ते जमेल तसं सांगतो.

आपल्या रक्तात 'बी' नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. अब्जावधी. प्रत्येकीच्या अंगावर एक विशिष्ट आकाराचा पंजा असतो, आणि गंमत म्हणजे हे पंजे कुठलाही जंतू बघून बनवलेले नसतात. आधीच, अंदाजपंचे बनवलेले असतात. थोडीशीच जनुकं, पण ती पत्ते पिसावेत तशी पिसून शरीर कोट्यवधी वेगवेगळे आकार तयार करतं. हे पिसणं कसं होतं ते सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवून दिलं आणि १९८७ चं नोबेल मिळवलं. म्हणजे एखादं वधूवरसूचक मंडळ आहे आणि त्यात कोट्यवधी स्थळं नोंदवून ठेवली आहेत असं समजा. बहुतेक स्थळांना जन्मभर कुणी विचारत नाही. बिचाऱ्या पेशी येतात आणि तशाच जातात.

पण एखाद्या दिवशी एक जंतू आत शिरतो आणि या कोट्यवधींतल्या एखादीचा पंजा त्याच्या अंगावरच्या एखाद्या खुंटीवर बरोब्बर बसतो. मग त्या पेशीचं नशीब उघडतं. तिच्या प्रती निघायला लागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. प्रती काढता काढता पंज्यात बारीकसारीक बदल होतात आणि ज्यांची पकड आणखी घट्ट, त्या पुढे जातात. शेवटी यातल्या काही पेशी कारखाने बनतात आणि तोच पंजा सुटा करून रक्तात सोडू लागतात, एकेक कारखाना सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने. हे सुटे पंजे म्हणजेच अँटिबॉडी, आपल्या पाठ्यपुस्तकी मराठीत 'प्रतिपिंड'. (पिंड म्हटलं की मला कावळा आठवतो, म्हणून मी आपलं अँटिबॉडीच म्हणतो.)

अँटिबॉडी जंतूला मारते असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर ती बहुतेक वेळा कुणालाच मारत नाही. ती चिकटते. बस्स. विषाणूला चिकटली की त्याला आपल्या पेशीत शिरायला दार सापडत नाही. विषाच्या रेणूला चिकटली की त्याचा दात बोथट. जिवाणूला चिकटली की त्याच्या पाठीवर चिठ्ठी लागल्यासारखं होतं, आणि ती चिठ्ठी वाचून जंतू गिळणाऱ्या पेशी येतात, रक्तातली काही प्रथिनं येऊन त्याला भोकं पाडतात. मारामारी करणारे वेगळेच. अँटिबॉडीचं काम पोलिसांना गर्दीतला नेमका माणूस दाखवून देण्याचं.

या सगळ्याला पहिल्या खेपेला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात जंतू आपलं काम करून जाऊ शकतो. मात्र आपण त्यातून वाचलो, तर त्या पेशींपैकी काही मागे राहतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. तोच जंतू परत आला की त्या ओळखतात आणि यावेळी काही दिवसांतच फौज उभी राहते. लस म्हणजे दुसरं काय? जंतूचा फोटो आधीच दाखवून ठेवायचा, म्हणजे ओळख करून घेण्यात पहिला आठवडा वाया जात नाही.

आता सांगा, यात शक्ती कुठे आहे? आहे ती ओळख आहे, स्मृती आहे. आणि ओळख ही अमक्याचीच असते. गोवराची ओळख असलेला माणूस गालगुंडाला तितकाच अनोळखी. घटसर्पाची लस घेतल्याने धनुर्वात टळत नाही. टळतो तो त्याच इंजेक्शनात धनुर्वाताचीही लस घातलेली असते म्हणून. 'माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे' हे वाक्य 'माझी ओळख चांगली आहे' याच्यासारखंच अर्धवट आहे. कुणाशी ओळख आहे, ते सांगा ना!

शरीराच्या संरक्षणाच्या इतरही फळ्या आहेत, हे खरं. कातडी आहे, ताप आहे, 'टी' पेशी आहेत, आणि या सगळ्यांना चांगलं अन्न आणि पुरेशी झोप लागते. अँटिबॉडी हे शेवटी प्रथिनच. कुपोषित मुलांना साधा गोवरही भारी पडतो. त्यामुळे 'नीट खा, वेळेवर झोप' हा आजीचा सल्ला शंभर टक्के खरा. पण कमतरता भरून काढणं वेगळं आणि आधीच भरलेल्या भांड्यात ओतत राहणं वेगळं.

आणि समजा, खरंच ही 'शक्ती' सरसकट वाढवता आली, तर? ती वाढलेली माणसं मी पाहिली आहेत. परागकण नाकात गेले की ज्यांना सलग वीस शिंका येतात, त्यांची प्रतिकारयंत्रणा कमजोर नसते, ती नको इतकी तत्पर असते. ज्यांच्या अँटिबॉडी आपल्याच थायरॉइडला, आपल्याच सांध्यांना चिकटतात, त्यांना डॉक्टर यंत्रणा दाबायची औषधं देतात. २०२१ साली मुंबईच्या काही डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. ती इजा यंत्रणा स्वतःवरच उलटल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वादात मी पडत नाही. पण 'नैसर्गिक आहे, फायदा नाही तर तोटाही नाही' हे आपलं आवडतं वाक्य तेवढं जपून वापरावं.

डेंग्यूचं तर याहून विचित्र. त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराच्या विषाणूला अर्धवट चिकटतात. त्याला निकामी तर करू शकत नाहीत, उलट त्या चिठ्ठीचा फायदा घेऊन तो गिळणाऱ्या पेशींच्याच आत शिरतो. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू कधी कधी पहिल्यापेक्षा घातक ठरतो. २०१६ मध्ये फिलिपाइन्समध्ये शाळकरी मुलांना डेंग्यूची एक लस द्यायला सुरुवात झाली. आठ लाखांहून जास्त मुलांना ती दिल्यावर, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कळलं की ज्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही, त्यांना ही लस पुढच्या खऱ्या डेंग्यूत जास्त धोक्यात टाकू शकते. मोहीम थांबवावी लागली. अर्धवट ओळख ही अनोळखीपणापेक्षा वाईट असू शकते, हे माणसांच्या बाबतीत आपल्याला ठाऊक होतंच!

आता मला जे मुख्यतः सांगायचं आहे त्याकडे येतो.

शक्ती म्हटलं की ती आपली स्वतःची, कमावलेली. पण अँटिबॉडी उसनी मिळते. आणि आपण सगळेच उसन्या अँटिबॉडींवर जगलेलो आहोत.

पहिली उसनवारी आईकडून. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातल्या अँटिबॉडी नाळेतून बाळाकडे जातात. त्या बाळाने बनवलेल्या नसतात, त्यामुळे काही महिन्यांत विरतात. पण ते पहिले महिने निभावतात ते त्यांच्याच जिवावर. आपल्याकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यानंतर देतात, त्याचंही कारण हेच. त्याआधी दिली तर आईच्या उरलेल्या अँटिबॉडीच त्या लशीला पकडून बसायच्या. गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन देतात, तेही तिच्याइतकंच बाळासाठी. पूर्वी विळ्याने किंवा कुठल्याही पात्याने नाळ कापली जायची आणि आठवड्याभरात बाळ ताठ होऊन जायचं. आमच्या आजीच्या पिढीत अशा मुलांची मोजदादही कुणी ठेवत नसे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता-नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं मान्य केलं. यात स्वच्छ बाळंतपणाचा वाटा मोठा आहे, आणि आईच्या दंडावर टोचून बाळाच्या रक्तात पोचलेल्या त्या उसन्या अँटिबॉडींचाही.

गाईम्हशींत नाळेतून ही देवाणघेवाण होतच नाही. वासरू जन्मतं ते जवळजवळ रिकाम्या हाताने. त्याला जे मिळतं ते पहिल्या चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच. कारण साधारण चोवीस तासांनी त्याच्या आतड्याचं दार बंद होतं आणि मग अँटिबॉडी अख्खी आत शिरू शकत नाही. आपण ज्याचा वेलची-केशर घालून खरवस करतो, तो चीक मुळात वासराची लस आहे. खरवस मलाही प्राणप्रिय आहे, उगाच संतपणाचा आव आणत नाही. पण जाणता गवळी आधी वासराला पोटभर पाजतो आणि मग उरलेला चीक काढतो, एवढं मात्र आपण विचारून घ्यावं.

दुसरी उसनवारी घोड्याकडून. १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिलं की घटसर्प किंवा धनुर्वात पचवलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिला तर त्यालाही संरक्षण मिळतं. त्या काळात घटसर्पाने घशात पडदा धरून गुदमरणारी मुलं हे रोजचंच दृश्य होतं. मग घोड्यांना थोडं थोडं विष टोचायचं, त्यांच्या रक्तात अँटिबॉडी तयार झाल्या की रक्त काढायचं, त्यातला द्रव शुद्ध करायचा आणि मुलांना द्यायचा, अशी पद्धत रुजली. १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल बेरिंगला या कामासाठी मिळालं. (कितासातोला नाही. असो.)

हे घोडे आपल्या ओळखीचे आहेत. परळची हाफकिन संस्था १८९९ साली प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली. पुढे हाफकिनच्या नावाने सर्पदंशावरचं घोड्याचं सीरम महाराष्ट्रातल्या दवाखान्यांत पोचलं. पुण्यातली जी सीरम इन्स्टिट्यूट कोविडच्या काळात सगळ्यांच्या तोंडी झाली, तिच्या नावातच हा इतिहास आहे. पूनावालांचा व्यवसाय शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीचा. त्यांचे निवृत्त घोडे हाफकिनला सीरम करायला जायचे. त्यातून 'आपणच का करू नये' असा विचार पुढे आला आणि १९६६ मध्ये कंपनी निघाली. त्या नावाचा अर्थ 'घोड्याच्या रक्तातलं पाणी' असा आहे, हे किती जणांच्या लक्षात येतं कोण जाणे.

ओळख नेमकी असावी लागते, हा नियम इथेही सुटत नाही. नागाच्या विषावरचं पहिलं सीरम कालमेत या फ्रेंच डॉक्टरने १८९० च्या दशकात काढलं. ते सगळ्या सापांवर चालेल असा त्याचा समज होता. ब्राझीलमध्ये व्हितल ब्राझिल नावाच्या डॉक्टरने (हो, हेच नाव!) ते तिथल्या सापांच्या विषावर वापरून बघितलं, तर त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. त्यासाठीचं बरंचसं विष तामिळनाडूतली इरुला आदिवासींची सहकारी संस्था पुरवते. पण त्याच जातीचा साप वेगळ्या प्रदेशातला असला तर विषही वेगळं असतं. आणि देशात या चौघांपलीकडचेही विषारी साप आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी गेल्या काही वर्षांत दाखवून दिलंय की अशा काही सापांवर हे प्रतिविष फारच कमी पडतं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. त्यांच्या अंगात 'शक्ती' कमी नव्हती. कमी पडलं ते दवाखान्याचं अंतर, आणि वेळेवर न मिळालेली किंवा नेमकी नसलेली उसनी ओळख.

इथे आपल्या भाषेनेही एक घोळ करून ठेवलाय. आपण लशीलाही 'लस' म्हणतो आणि सापाच्या प्रतिविषालाही 'सापाची लस' म्हणतो. लस म्हणजे शरीराला शिकवणं. त्याला वेळ लागतो, पण ते टिकतं. सीरम म्हणजे दुसऱ्याने शिकून तयार केलेली अँटिबॉडी आयती देणं. ती लगेच लागू पडते, पण आठवड्यांत विरून जाते. एक पेरणी आहे, दुसरं बाजारातून आणलेलं धान्य. घरात आज दाणा नसेल तर नुसती पेरणी करून आजची रात्र भागत नाही.

हा फरक माझ्या डोक्यात कायमचा बसला तो माझ्या मामेभावाच्या मुलामुळे. आठ वर्षांचं पोर. सुट्टीत गावी गेलं असताना कुत्र्याने गालाला आणि बोटांना फाडलं. घरच्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल? जखमेत चुना भरला. मग तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे दंडावर एक इंजेक्शन दिलं, तारखांचा कागद हातात दिला आणि घरी पाठवलं. भावाने मला फोन केला तो 'झालं एकदाचं, काळजी मिटली' हे सांगायला. मी विचारलं, "जखमेत इंजेक्शन दिलं का?" तो म्हणाला, "जखमेत कशाला देतील? दंडावर दिलं की!"

रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूत शिरतो आणि त्यातून हळूहळू मेंदूकडे चालू लागतो. एकदा लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लशीने स्वतःच्या अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. चावा खोल असेल, रक्त आलं असेल, त्यातून तोंडावर किंवा बोटांवर असेल, तर तेवढी वाट बघणं धोक्याचं. म्हणून अशा जखमेत आणि जखमेच्या कडेने तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन द्यायचं असतं, म्हणजे विषाणू वाटेला लागण्याआधीच जागेवर धरला जातो. हे पहिल्याच दिवशी द्यायचं. राहिलंच तर लशीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराच्या स्वतःच्या अँटिबॉडी यायला लागलेल्या असतात. आणि या सगळ्याच्या आधी, सगळ्यात स्वस्त उपाय: साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुणं. चुना नाही, तिखट नाही, हळद नाही.

भाऊ त्याच रात्री पोराला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चुना धुऊन काढला, पोराला धरायला दोन माणसं घेतली आणि गालात, बोटांत सगळीकडे ते इंजेक्शन दिलं. पोरगं बोंबलत होतं. भाऊ म्हणाला, मला बघवेना. पण ते पोरगं आज दहावीत आहे आणि गालावरचा व्रण मिशीत लपेल का, याची चिंता करतंय.

त्या पहिल्या दवाखान्यावर मला इथे खटला भरायचा नाही. मुद्दा वेगळा आहे. कागदावर 'कुत्र्याचं इंजेक्शन दिलं' एवढंच असतं आणि आपल्याला ते पुरतं, कारण आपल्या डोक्यात सगळी इंजेक्शनं म्हणजे 'शक्ती' भरणारी. पेरणी आणि धान्य यातला फरक माहीत असलेला घरात एक जण जरी असला, तरी तो नेमका प्रश्न विचारतो. हल्ली तर या कामासाठी घोडाही लागत नाही. प्रयोगशाळेत एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवण्याची युक्ती कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली शोधली, आणि रेबीजसाठी तशी अँटिबॉडी पुण्यातही बनते. पण ती मागायला ती आहे हे ठाऊक तर हवं.

उसनवारीचा दुसरा नियम वेळेचा. घटसर्पाचं सीरम रक्तातल्या मोकळ्या विषाला पकडतं, पेशीत शिरलेल्याला नाही. म्हणून एकेक तास महत्त्वाचा असतो. हाच नियम विसरून आपण २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये केवढी धावाधाव केली ते आठवा. 'प्लाझ्मा हवाय, तातडीने' असे निरोप रात्री दोनदोन वाजता येत होते. कल्पना बेरिंगचीच होती: बरा झालेल्याचा रक्तद्रव आजाऱ्याला द्यायचा. पण आयसीएमआरने देशभरातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्येच प्रसिद्ध झाली होती, आणि तिच्यात प्लाझ्माने मृत्यू टळताना दिसले नव्हते. रुग्णालयात पोचेपर्यंत बऱ्याच रुग्णांच्या स्वतःच्या अँटिबॉडी तयार झालेल्या असायच्या. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून वगळला गेला. तोवर किती मुलांनी बापाच्या उशाशी बसायचे शेवटचे तास रक्तपेढ्यांच्या रांगेत घालवले, याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही. निरोप पुढे पाठवणाऱ्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता, म्हणूनच ते जास्त लागतं.

तिसरी उसनवारी अनोळखी माणसाकडून. ज्या बाईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह, तिच्या शरीराला बाळंतपणात बाळाच्या रक्ताची ओळख पटू शकते, आणि मग पुढच्या बाळावर तिच्याच अँटिबॉडी चालून जातात. हे टाळायला 'अँटी-डी' देतात. म्हणजे तीच अँटिबॉडी, पण उसनी. ती बाळाच्या भटक्या रक्तपेशींना आधीच झाकून टाकते आणि आईच्या शरीराला त्यांची ओळख पटूच देत नाही. ऑस्ट्रेलियातले जेम्स हॅरिसन चौदाव्या वर्षी मोठ्या शस्त्रक्रियेत दुसऱ्यांच्या रक्तावर वाचले, आणि पुढे त्यांच्याच रक्तात ही अँटिबॉडी भरपूर असल्याचं लक्षात आलं. १९५४ ते २०१८ या काळात त्यांनी १,१७३ वेळा दान केलं. तिथला अंदाज असा की त्यांच्यामुळे २४ लाख बाळांना मदत झाली. सुईची त्यांना भीती वाटायची, ते तिकडे बघायचेच नाहीत म्हणे. २०२५ मध्ये, ८८ व्या वर्षी ते गेले.

'पण स्वतः आजार काढून मिळवलेली प्रतिकारशक्तीच खरी' असं म्हणणारे आमचे एक काका आहेत. (काका, नमस्कार.) काही आजारांपुरतं त्यांचं खरं आहे, ती ओळख पक्की असते. पण शिकवणीची फी किती, हेही बघायला नको का? आणि गोवर तर फी घेऊन वर आधीची पाटीही पुसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की लस न घेतलेल्या मुलांना गोवर झाल्यावर त्यांच्या आधीच्या, इतर आजारांविरुद्धच्या अँटिबॉडींपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशा झाल्या होत्या. जमवलेल्या ओळखीच जातात! २०२२ च्या अखेरीस गोवंडीत आणि मुंबईच्या इतर भागांत गोवराने लहान मुलं दगावली, तेव्हा त्यातल्या कुठल्या आईबापाने काढा कमी उकळला होता असं मला वाटत नाही. कोविडच्या काळात चुकलेली लस मात्र बऱ्याच मुलांची राहून गेली होती.

तेव्हा माझं मत असं. 'प्रतिकारशक्ती वाढवायची कशी?' हा प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजी 'आमच्या घरात कुणाला कुणाची ओळख नाही?' असं विचारावं. याचं उत्तर बरणीत नसतं, कागदावर असतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? सत्तरी ओलांडलेल्यांनी फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारलं का? घरातल्या लेकीसुनांचे रक्तगट कुठे लिहून ठेवलेत का? गावच्या घराजवळ सर्पदंशाचं आणि कुत्र्याच्या चाव्याचं सीरम नक्की कुठल्या दवाखान्यात मिळतं, आणि रात्री मिळतं का?

घराण्यातल्या वाचकांसाठी: मी या दिवाळीला एक वही घेऊन येणार आहे. दोनशे पानी, साधीच. फराळ झाला की प्रत्येकाने आपलं पान भरायचं. काकांच्या पानावरचा धनुर्वाताचा रकाना बहुधा १९८४ चा निघेल, तेव्हा त्यांनी जरा तयारीत यावं. :)